मऊ पडलेला बॉल आणि आंबेनळीचा घाट

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या एस.टी.त कधी बसलात, तर महाड सोडल्यावर खिडकीची जागा सोडू नका. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत हळूहळू जवळ येऊ लागते. बघता बघता गाडी पोलादपूरच्या स्टँडवर येते. रायगड जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं टोक. इथून एक रस्ता कशेडी घाट चढून खेड-चिपळूणकडे जातो. दुसरा डावीकडे वळतो आणि आंबेनळी घाटाने थेट महाबळेश्वरला चढतो. गाव तसं लहान, पण नावाजलेलं. कवींद्र परमानंदांची समाधी इथेच आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात. आणि गावाशेजारून वाहणारी सावित्री नदी म्हणजे तर आमची सख्खी शेजारीण!

या तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मी गुरुजी आहे. आज तुम्हाला मी आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहे. सहलीला आम्ही सदतीस मुलं, तीन शिक्षक आणि एक व्हॉलीबॉल असे गेलो होतो. सहलीतला सगळ्यांत महत्त्वाचा प्रवासी कोण होता म्हणाल, तर तो व्हॉलीबॉल! आणि तो का, हे सांगायचं तर आधी मला माझी एक चूक कबूल करावी लागेल.

चोर कोण?

भात कापून झालं की आमच्याकडे शेतं मोकळी होतात. मग काय, दोन बांबू रोवायचे, नेट बांधायचं, फक्कीने रेघा मारायच्या की झालं मैदान तयार! जानेवारीत केंद्राच्या स्पर्धा असतात. त्या वर्षी आमची टीम चांगली जमली होती. सातवीतला एक उंच, काटक मुलगा तिचा कप्तान होता. त्याचं नाव मी सांगत नाही. आपण त्याला कप्तानच म्हणू.

स्पर्धेला दहा दिवस उरले होते. दुपारी दोनच्या सुमाराला, चांगल्या कडक उन्हात, मी स्वतः पंप मारून बॉलमध्ये हवा भरली. बॉल टणटण वाजू लागला. संध्याकाळी खेळ झाल्यावर कप्तानाने तो ऑफिसात आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सरावाला बॉल काढला, तर काय? अंगठा दाबला की खळगा पडत होता. सर्व्हिस केली तर ‘फद्’ असा आवाज! रात्रीतून बॉल मऊ पडला होता.

मला राग आला. त्याआधी दोनच दिवस एका मुलाने गंमत म्हणून बॉलमध्ये सुई घालून हवा सोडली होती. शेवटी बॉल हाताळला होता कप्तानाने. मी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं.

‘‘हवा कुणी सोडली?’’

‘‘गुरुजी, मी नाय सोडली.’’

‘‘मग काय बॉलला पाय फुटले? आठवडाभर बॉलला हात लावायचा नाही.’’

त्याचा चेहरा उतरला. एवढा मोठा मुलगा, पण डोळ्यांत पाणी आलं. तो काही बोलला नाही. खाली मान घालून मैदानाच्या कडेला जाऊन बसला. मी दुसरा जुना, ठिगळं लावलेला बॉल काढून सराव सुरू केला. मऊ बॉल तसाच कडेला उन्हात पडून राहिला.

दुपारची खिचडी झाली. मुलं हात धुवून बाहेर आली. एवढ्यात दुसरीतल्या एका चिमुरडीने तो पडलेला बॉल उचलून आपटला. टण्ण! बॉल तिच्या डोक्यावरून उडाला. मी चमकलो. बॉल हातात घेऊन दाबून पाहिला. तो कालच्यासारखाच कडक! कुणी पंप मारला नव्हता. पंप तर माझ्या कपाटात कुलपात होता.

कप्तान जवळ येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, रात्री बॉल पण तुमच्याच कपाटात होता.’’

मुलांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला काय बोलावं सुचेना. ‘‘बरं, बरं, उद्यापासून खेळायला ये,’’ एवढंच मी पुटपुटलो. पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. गुरुजी ना मी!

बॉलच्या आतली धावपळ

रात्री मी विज्ञानाची पुस्तकं काढून बसलो. हे तर आपण शाळेत शिकलेलो असतो; पण पुस्तकातलं मैदानावर आठवत नाही, हीच तर गोम आहे.

बॉलच्या आत काय असतं? हवा. आणि हवा म्हणजे असंख्य इवलेइवले रेणू. ते कधी स्वस्थ बसत नाहीत. मधली सुट्टी झाल्यावर वर्गात कोंडलेली मुलं कशी धावतील, तसे ते इकडून तिकडे धावत असतात आणि बॉलच्या आतल्या भिंतीवर आदळत असतात. त्या अगणित धडकांचा मिळून जो जोर होतो, तोच हवेचा दाब. हवा तापली की रेणू जास्त वेगाने धावतात, धडका जोराच्या आणि जास्त होतात. दाब वाढतो. हवा गार झाली की धावपळ मंदावते. दाब घटतो. बॉलमधून एक रेणूसुद्धा बाहेर न जाता बॉल मऊ पडू शकतो, तो असा!

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गियोम आमोंताँ नावाचा एक शास्त्रज्ञ होता. तरुणपणीच त्याला ऐकू येईनासं झालं होतं. पण त्याने नजर आणि हात कामाला लावले आणि कोंडलेल्या हवेचा दाब उष्णतेने किती वाढतो हे मोजून पाहिलं. पुढे इतर शास्त्रज्ञांनी हे काम नेमकं केलं. नियम सोपा आहे. हवेला पसरायला जागा नसेल, तर तापमान जितक्या पटीत बदलेल तितक्याच पटीत दाब बदलतो. मात्र हे तापमान मोजायचं शून्याखाली २७३ अंशांपासून. म्हणजे आपले ४० अंश सेल्सिअस झाले ३१३, आणि १४ अंश झाले २८७.

आता तुम्ही हिशेब कराल आणि मला पकडाल. ‘‘गुरुजी, ३१३चे २८७ झाले म्हणजे शंभरातले जेमतेम आठच कमी झाले. एवढ्याने बॉल इतका मऊ कसा पडेल?’’ शाब्बास! मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर शोधायला मी पोलादपूरला एका ओळखीच्या क्रीडाशिक्षकांकडे गेलो. त्यांच्याकडे बॉलची हवा मोजायचं छोटंसं मीटर होतं. सायकलवाला विचारतो ना, ‘किती पौंड हवा भरू?’ तसंच हे मीटर पौंडात हवा दाखवतं. म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड जोर पडतो, ते. व्हॉलीबॉलमध्ये साधारण साडेचार पौंड हवा लागते.

पण गंमत अशी, की मीटर अर्धंच सांगतं! आपल्या सगळ्यांवर, झाडांवर, घरांवर बाहेरच्या हवेचा दाब कायम असतोच. समुद्रसपाटीला तो दर चौरस इंचाला जवळपास १४.७ पौंड असतो. मीटर हा दाब मोजतच नाही. बॉलच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे, तेवढंच ते दाखवतं. म्हणजे मीटरवर साडेचार दिसतात तेव्हा आत खरा दाब असतो १४.७ अधिक ४.५, म्हणजे १९.२.

आता हिशेब करू. समजा, दुपारी उन्हात बॉल ४० अंशांपर्यंत तापला होता आणि पहाटेच्या गारव्यात तो १४ अंशांवर आला. १९.२ला २८७ने गुणा, ३१३ने भागा. उत्तर येतं १७.६. त्यातून बाहेरचे १४.७ वजा केले तर उरतात २.९! साडेचारचे तीनसुद्धा राहिले नाहीत. एकूण दाबातला थोडासाच भाग गेला. पण तो सगळा त्या वरच्या साडेचारातूनच गेला. बॉलचं कातडंही थोडं आकसतं, म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो. आम्ही मोजलं तेव्हा पहाटेला काटा तीनच्या आसपास होता.

म्हणजे बॉलचा ‘चोर’ होता जानेवारीची थंडी. आणि शिक्षा भोगली माझ्या कप्तानाने.

अमेरिकेतही हीच गोष्ट

बरं का मुलांनो, अशी चूक करणारा मी एकटाच नाही. अमेरिकेत अंड्याच्या आकाराच्या बॉलने खेळायचा एक फुटबॉल आहे. १८ जानेवारी २०१५ रोजी तिथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स या संघांचा मोठा सामना झाला. नियमाप्रमाणे त्या बॉलमध्ये कमीत कमी १२.५ पौंड हवा हवी. मध्यंतरात मोजली तर पेट्रियट्सच्या बॉलमध्ये ती कमी भरली. बॉल मऊ असला की पकडायला सोपा जातो. झालं! ‘मुद्दाम हवा काढली’ असा देशभर गलका झाला. चौकशी बसली. टॉम ब्रेडी हा नामवंत खेळाडू चार सामन्यांसाठी बाहेर बसला, तोही पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, कोर्टकचेऱ्या झाल्यावर. त्या वेळी अनेक शास्त्रज्ञ सांगत होते, की उबदार खोलीत हवा भरून बॉल थंडीत नेला तर दाब आपोआप कमी होतो, आधी तो हिशेब करा. खरं काय घडलं यावर तिथे अजून वाद घालतात. पण हवा कमी दिसली म्हणजे कुणी तरी ती सोडलीच, असं लगेच म्हणता येत नाही, एवढं आपण त्यातून शिकायला हरकत नाही.

घाटात बॉल

दरम्यान आमच्या सहलीचा दिवस उजाडला. प्रतापगड आणि महाबळेश्वर. मी मुलांना म्हटलं, ‘‘आपण बॉल बरोबर नेऊ. महाबळेश्वरला इथल्यापेक्षा थंडी जास्त. तिथे बॉलचं काय होईल?’’

‘‘मऊ पडेल!’’ सदतीस तोंडांतून एकच उत्तर आलं. अडतिसावं तोंड माझं होतं.

सकाळी सातला निघायच्या आधी आम्ही दोन्ही बॉलमध्ये मोजून साडेचार पौंड हवा भरली. तेव्हा तापमापीत १८ अंश होते. नवा बॉल बरोबर घेतला. जुना ठिगळवाला खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे ठेवायला दिला. ‘‘मावशी, याला ऊन लागू देऊ नका आणि चुलीजवळही ठेवू नका,’’ असं चारदा बजावलं. एक बॉल वर न्यायचा आणि एक खाली ठेवायचा. म्हणजे फरक पडलाच, तर तो प्रवासामुळेच पडला हे कळावं.

गाडी आंबेनळी घाटाला लागली. पोलादपूर ते महाबळेश्वर अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. पण या चाळीस किलोमीटरांत आपण समुद्रसपाटीजवळच्या खोऱ्यातून जवळजवळ १३५० मीटर उंचीवर पोहोचतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. वळणावर वळण. खाली सावित्रीचं खोरं लहान लहान होत गेलं. मुलांची गाणी हळूहळू बंद पडली. कुणी लिंबू हुंगू लागलं, कुणी खिडकीला डोकं टेकलं.

‘‘गुरुजी, कानाला दडे बसले!’’ पाठीमागून एकजण ओरडला.

‘‘आवंढा गिळ, सुटतील,’’ मी म्हटलं. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने आपली वेफर्सची पुडी वर धरली. ‘‘गुरुजी, हिला काय झालं बघा!’’ पुडी फुगून तट्ट झाली होती. आता फुटते की मग, अशी. सकाळी दुकानातून घेतली तेव्हा ती साधीच होती.

मी क्षणभर गप्प झालो. कप्तान माझ्या पुढच्याच सीटवर बॉल मांडीवर घेऊन बसला होता. त्याने अंगठ्याने बॉल दाबला. परत दाबला. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ‘‘गुरुजी, मऊ नाय पडत. कडक होतोय.’’

प्रतापगडावर

रायगड जिल्हा मागे टाकून आम्ही साताऱ्याच्या हद्दीत शिरलो. वाडा-कुंभरोशीहून गाडी प्रतापगडाकडे वळली. गडाची उंची १०८० मीटर. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड बांधून घेतला. १६५६ मध्ये तो पुरा झाला आणि तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, गडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली. ती गोष्ट तर तुम्हाला पाठ असेल. भवानीमातेचं दर्शन घेऊन, महाराजांच्या घोड्यावरच्या पुतळ्यापाशी जाऊन आम्ही बुरुजावर आलो. पश्चिमेला कोकण धुक्यात झोपल्यासारखं दिसत होतं. ‘‘तिकडं आपली शाळा!’’ म्हणून मुलं नुसत्या अंदाजाने बोटं दाखवत होती.

तिथेच सावलीत बसून मीटर लावलं. सगळ्यांची डोकी काट्यावर. काटा सहाच्या वर गेला!

हवा भरली कुणी? कुणीच नाही. ऊन लागलं? बॉल तर पिशवीत होता, आणि तापमापी सकाळपेक्षा दोनच अंश वर होती. दोन अंशांनी काही दीड पौंड वाढत नाहीत.

‘‘आता सांगा,’’ मी म्हटलं, ‘‘मीटर काय दाखवतं?’’

‘‘आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त ते,’’ मुलांनी पाठ म्हटलं.

‘‘मग आतला वाढला नसेल तर?’’

सगळे गप्प. आणि मग कप्तान उभा राहिला. ‘‘बाहेरचा कमी झाला असंल.’’

मुलांनो, त्या मुलाने हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याचे कान दडे बसून सुटले होते, पुडी त्याने पाहिली होती आणि बॉल त्याच्या मांडीवर होता. एवढ्यावरून त्याने ओळखलं!

हवेलाही वजन असतं. आपण हवेच्या एका मोठ्या समुद्राच्या तळाशी राहतो. पोलादपूरला आपल्या डोक्यावर त्या समुद्राची जवळजवळ सगळी उंची असते. प्रतापगडावर चढलो की तेवढा थर पायांखाली जातो. डोक्यावर हवा कमी, म्हणून दाबही कमी. गडावर तो साधारण १२.९ पौंड भरतो, महाबळेश्वरला साडेबारा. खालच्या १४.७मधून साडेबारा गेले, तर फरक किती? दोन पौंडांहून जास्त. बॉलला बाहेरून दाबून धरणारा हातच सैल झाला, म्हणून बॉल कडक! पुडी फुगली आणि कानांना दडे बसले, तेही याचमुळे.

मग मी मुलांना एक जुनी गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. उंचावर हवेचा दाब कमी होत असणार, असं त्यांना वाटत होतं. पण पॅरिसजवळ डोंगर कुठला? त्यांची बहीण ज्या गावी दिली होती, तिथे पुय द डोम नावाचा १४६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. पास्कलनी आपल्या मेहुण्यांना, फ्लोरँ पेरिए यांना, पत्र लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काचेची नळी आणि पारा घेऊन डोंगर चढले. दुसरी तशीच नळी त्यांनी खाली गावात ठेवली आणि एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. डोंगरमाथ्यावर नळीतला पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. गावातला मात्र जागचा हलला नाही!

‘‘म्हणजे ते धर्मगुरू आपल्या मावशी!’’ एक मुलगी ओरडली आणि गडावर एकच हशा पिकला.

पाच नद्यांच्या गावी

दुपारी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला पोहोचलो. इथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली आपली सावित्री तेवढी पश्चिमेला उडी घेते, पोलादपूर आणि महाडवरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा निघते पूर्वेला आणि सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. एका अंगणात वाढलेल्या बहिणी, पण सासरं केवढी दूर! मुलांनी गोमुखातलं पाणी ओंजळीत घेतलं. ‘‘हेच पाणी आपल्या गावात येतं,’’ एकजण म्हणाला आणि त्याने ते जपून प्यायलं.

चारच्या सुमाराला एका मोकळ्या जागेवर खेळायची परवानगी मिळाली. तेव्हा गारवा पडायला लागला होता. मीटर लावलं तर काटा सहा आणि साडेसहाच्या मध्ये. म्हणजे थंडी थोडंसं काढून घेत होती, पण उंची त्याच्या कितीतरी पट देत होती. दहा अंश थंडी पडली तर बॉल अर्धा-पाऊण पौंड गमावतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला आला तर दोन पौंडांहून जास्त कमावतो. आमच्या सदतीस अधिक एक तोंडांचा अंदाज साफ चुकला होता. आम्ही थंडी धरली आणि उंची विसरलो!

एवढ्या कडक बॉलने खेळून मनगटं लाल व्हायला लागली, तेव्हा आम्ही सुई घालून हवा सोडली. परत बरोबर साडेचार पौंड. मग मात्र झकास खेळ रंगला. एक गोष्ट सांगून ठेवतो. फुटबॉलच्या नियमात बॉलमधली हवा किती हवी हे सांगताना ‘समुद्रसपाटीला’ असा शब्द मुद्दाम घातलेला आहे. आणि टेनिसमध्ये १२१९ मीटरांपेक्षा उंच गावांत खेळायला वेगळे बॉल असतात. महाबळेश्वर त्याहून उंच आहे. क्रिकेटच्या खऱ्या चेंडूला मात्र ही काळजी नाही. त्याच्या पोटात हवेऐवजी बूच आणि दोरा भरलेला असतो.

परतीच्या गाडीत स्ट्रॉबेरीचा वास सुटला होता. निम्मी मुलं झोपली. एका मुलाने महाबळेश्वरला पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घट्ट बूच लावून ठेवली होती. घाट उतरता उतरता ती ‘कट्कट्’ आवाज करत आपोआप चेपत गेली. ते पाहून कप्तान माझ्याशेजारी येऊन बसला.

‘‘गुरुजी, खाली गेल्यावर बॉल मऊ पडणार.’’

‘‘किती?’’ मी विचारलं.

तो बोटांवर मोजू लागला. ‘‘वरती साडेबारा नि साडेचार, सतरा झाले. खाली चौदा पूर्णांक सात. म्हणजे दोन पूर्णांक तीन राहतील.’’ मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, तो हसत म्हणाला, ‘‘आता कुणाला उभं करणार, गुरुजी?’’

माझं चुकलं

रात्री साडेआठला गाडी शाळेपाशी थांबली. पालक टॉर्च घेऊन उभे होते. मावशीही आल्या होत्या. त्यांनी ठिगळवाला बॉल आणून दिला. ऊन लागू नये म्हणून त्यांनी तो दिवसभर तांदळाच्या पिंपात ठेवला होता! मीटर लावलं. साडेचार. जिथल्या तिथे. मग प्रवास करून आलेल्या बॉलला मीटर लावलं. काटा अडीचच्या खाली थांबला. कप्तानाचा हिशेब जवळजवळ तंतोतंत!

मी तो मऊ बॉल हातात घेतला आणि मुलांना, पालकांना थांबायला सांगितलं. त्याचे बाबाही तिथेच होते. मी म्हटलं, ‘‘पंधरा दिवसांपूर्वी असाच बॉल मऊ पडला होता. तेव्हा मी मोजलं नाही, विचार केला नाही आणि याला सगळ्यांसमोर बोललो. त्याने हवा सोडली नव्हती. माझं चुकलं.’’

कुणी काही बोललं नाही. कप्तान लाजून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. त्याचे बाबा एवढंच म्हणाले, ‘‘असू द्या गुरुजी, पोरगं शिकलं ना!’’ पण खरं सांगू? शिकलो तो मी. सगळ्यांसमोर केलेली चूक सगळ्यांसमोरच दुरुस्त करावी लागते, हे तर मीच वर्गात शिकवत होतो.

स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. सामना सकाळी आठला होता. कप्तानाने पंचांना विचारून, सामन्याआधी थंड हवेतच बॉलची हवा मोजून घेतली होती!

आता तुम्ही म्हणाल, एका बॉलसाठी एवढं कशाला? तर ऐका. जून-जुलैत रेडिओ-टीव्हीवर ‘कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द तुम्ही ऐकता ना? तो दाब म्हणजे हीच हवा, हाच दाब. २०२१च्या जुलैत अतिवृष्टीने महाडच्या तळियेत आणि आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, माणसं गेली. डोंगरपायथ्याच्या गावांना पावसाचा इशारा वेळेवर कळावा म्हणून हवामानखात्याची माणसं हाच दाब रात्रंदिवस मोजत असतात. मोजलं तर कळतं. नुसत्या अंदाजावर आपण कधी बॉलबाबत चुकतो, कधी माणसाबाबत.

तुम्हीही करून पाहा

१. सकाळी सात वाजता एक मीटर उंचीवरून बॉल सोडा. तो किती उंच उसळतो, ते भिंतीवर खडूने खूण करून ठेवा. तोच बॉल, त्याच जमिनीवर, दुपारी उन्हातून आणून सोडा. दोन खुणांत किती अंतर पडलं? (थोडा फरक रबरामुळेही पडतो, गार रबर कमी उसळतं.)

२. प्लॅस्टिकच्या बाटलीत मोठ्या माणसांच्या मदतीने कोमट पाणी घालून हलवा, ओतून टाका आणि लगेच घट्ट बूच लावा. बाटली गार पाण्यात धरा. काय होतं?

३. घाटातून प्रवास करणार असाल, तर वेफर्सची एक पुडी न फोडता बरोबर ठेवा. घाट चढून होईपर्यंत खायची मात्र नाही हं!

आणि एक सूचना. बॉल कधीही चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा विस्तवाजवळ तापवू नका. फुटला तर इजा होईल. आपलं कोकणातलं ऊन त्या कामाला पुरेसं आहे.

पोलादपूरला आलात तर सावित्रीकाठी नक्की थांबा. बॉलसुद्धा बरोबर आणा. हवा किती भरायची, ते आमचा कप्तान सांगेल.